लासुर्ण्याची डबल्सवाली

लासुर्ण्यात टेनिस म्हणजे टेनिसच्या चेंडूनं खेळायचं क्रिकेट. ऊस तुटून रान मोकळं झालं की पोरं तिथंच खेळपट्टी पाडतात, गावोगावच्या टीम येतात, लाउडस्पीकरवर कॉमेंट्री होते आणि पहिल्या नंबराला ढाल मिळते. त्यामुळं नागेश वेल्डरची दिपाली ‘टेनिसपटू’ झाली अशी बातमी पेपरात आली तेव्हा गावानं तिला पहिला प्रश्न विचारला, “बॉलिंग टाकती का बॅटिंग करती?”

सुरुवातीची काही वर्षं दिपालीनं मनापासून समजावून सांगितलं. मधे जाळी असते, हातात रॅकेट असते, आणि ती जो प्रकार खेळते त्यात दोघी अलीकडं आणि दोघी पलीकडं असतात. माणसं शांतपणे ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि मग विचारायची, “बरं, सिक्स किती मारलं?”

एकदा ती कंटाळून खरं बोलून गेली. “पहिल्या सेटमधी चार. समदे कंपाउंडच्या भायेर.”

त्या दिवसापासून गावात तिला मान मिळायला लागला.

तिच्या टेनिसची सुरुवातही अशीच गैरसमजातून झाली होती. नागेश वालचंदनगरला कारखान्यात वेल्डर, आणि दिपालीची शाळाही तिथंच. शाळा लवकर सुटायची, वडिलांची ड्यूटी उशिरा. मधला वेळ ती कॉलनीतल्या क्लबच्या टेनिस कोर्टाशेजारी कट्ट्यावर बसून काढायची. कोर्टावर रोज संध्याकाळी चार साहेब लोक खेळायचे. खेळ थोडा आणि चेंडू आत पडला का बाहेर यावरून भांडण जास्त, असा एकंदर कार्यक्रम. एके दिवशी त्यातल्या एकांची कंबर धरली आणि ते घरी जाऊन आडवे झाले. उरले तिघं. महिपतराव नावाचे साहेब इकडंतिकडं बघायला लागले, आणि त्यांची नजर कट्ट्यावर चिंचा खात बसलेल्या अकरा वर्षांच्या दिपालीवर पडली.

“ए पोरी, इकडं ये. ही रॅकेट धर आणि जाळीपाशी उभी राहा.”

“मला येत न्हाय.”

“नसू दे येत. नुसतं उभं राहायचंय. चेंडू आला तर अंगावर घेऊ नको, रॅकेटवर घे.”

दिपालीनं पहिला चेंडू अंगावर घेतला. दुसराही. तिसरा मात्र रॅकेटला लागला आणि पलीकडच्या दोन्ही साहेबांना पोचता येणार नाही अशा जागी जाऊन पडला. महिपतराव “वा!” म्हणून ओरडले. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते, हे त्यांना मागून दिसलं नाही.

साहेबांची कंबर काही लवकर सुटली नाही. सुटली तोवर दिपाली कायमची चौथी झाली होती आणि साहेबांना कट्ट्यावर बसावं लागलं. कॅरमसारखा टेनिस हाही चौघांनी खेळायचा खेळ, अशी तिची पक्की समजूत झाली. ती मोडली बारामतीच्या शालेय स्पर्धेत. तिथं तिला कोर्टावर एकटीलाच सोडलं. ती पंचांकडं गेली आणि म्हणाली, “सर, माझी दुसरी अजून आली न्हाय.”

“दुसरी नसते, बाळ. सिंगल्स आहे ही.”

एवढं मोठं मैदान एकटीनं राखायचं, हा दिपालीला सरळसरळ अन्याय वाटला. चेंडू चुकला की ती सवयीनं बाजूला वळून “सॉरी” म्हणायची, आणि बाजूला कुणी नसायचं. सहा-शून्य, सहा-शून्य असा निकाल लागला. घरी आल्यावर आईनं विचारलं तर म्हणाली, “दोन भोपळे आणलेत. तेबी जोडीनं.”

पण त्या दिवशी कोर्टाच्या कडेला विजयसिंह सर बसले होते. बारामतीत मुलांना टेनिस शिकवायचे. स्वभाव कडक, बोलणं कडक, आणि पोटात काय आहे ते चेहऱ्यावर कधी येत नसे. त्यांनी दिपालीला आणि नागेशला बोलावलं.

“हिला पळता येत नाही,” सर म्हणाले. “सर्व्हिस येत नाही. बॅकहँड कशाशी खातात ते माहीत नाही. पण जाळीजवळ हात भारी हाय. उद्यापासून पाठवा.”

नागेशनं त्यातलं फक्त ‘हात भारी हाय’ एवढंच ऐकलं आणि त्या आठवड्यापासून सुट्टीच्या सकाळी मोटारसायकल बारामतीकडं वळायला लागली. बाकीची वाक्यं दिपालीनं ऐकली होती. ती पुढं बरीच वर्षं तिच्या उपयोगी पडली. मुलाखतीत कुणी “आपल्या खेळाबद्दल सांगा” म्हटलं की ती सरांचंच म्हणणं जसंच्या तसं सांगायची.

सरांनी तिची जोडी लावली ती काटेवाडीच्या उत्कर्षाशी. बागायतदाराघरची पोरगी, उंच, खांद्यानं रुंद. तिची सर्व्हिस अशी की आधी आवाज यायचा आणि मग चेंडू कुठं गेला त्याची चौकशी करावी लागायची. बोलायची मात्र मोजून. दोघींपैकी उत्कर्ष आधीच तिच्या नावात होता. दिपालीच्या वाट्याला उरलेलं सगळं आलं. म्हणजे जाळीपाशी उभं राहणं आणि बडबड.

डबल्समध्ये बडबड लागतेच. चेंडू दोघींच्या मधोमध आला की कुणीतरी ओरडावं लागतं, नाहीतर दोघी धावतात किंवा दोघी बघत राहतात. दिपालीचे तीन शब्द ठरलेले होते. ‘माझा’, ‘मागं’ आणि ‘सोड’. त्यातला ‘सोड’ सगळ्यांत महत्त्वाचा, कारण बाहेर जाणारा चेंडूही मारायला धावायची उत्कर्षाला खोड होती. दिपाली ‘सोड’ म्हणाली की उत्कर्षाची रॅकेट खाली यायची; का, कशाला, काही विचार नाही. हे इतकं अंगात मुरलं की एकदा जेवताना वाढप्यानं टोपलीतली शेवटची भाकरी पुढं केली, दिपाली म्हणाली “सोड”, आणि उत्कर्षाचा हात आपोआप मागं गेला. भाकरी दिपालीनं खाल्ली.

जिल्हा झाला, राज्य झालं, मग दोघी व्यावसायिक स्पर्धा खेळायला लागल्या. व्यावसायिक म्हटलं की लोकांना टीव्हीवरची हिरवीगार मैदानं दिसतात. दिपालीला आठवायच्या त्या हॉटेलातल्या बादल्या. बादलीत कपडे धुवायचे, दोन खुर्च्यांना रॅकेटची तार बांधून त्यावर वाळत घालायचे, आणि सकाळी अर्धवट ओल्या मोज्यांनी ट्युनिशियाच्या पोरींशी खेळायचं. जिंकल्या तर आणखी एक दिवस राहायचं, हरल्या तर पुढच्या गावाची गाडी. पेपरात बातमी यायची, ‘बारामतीच्या उत्कर्षाला दुहेरीचं विजेतेपद’. खाली फोटो, आणि फोटोत उत्कर्षाशेजारी एक कोपर. दिपाली ते कात्रण आईला दाखवायची, “हे बघ, माझं कोपर छापून आलंय. वळख लागतीय का?”

जागतिक क्रमवारीत ती सहाशेच्या आसपास पोचली तेव्हा घरी पाहुणे जमले होते. कुशाबाई आत्या, नागेशची थोरली बहीण, तिनं नीट विचारून घेतलं.

“म्हंजी जगात तुझ्या म्होरं निस्त्या सहाशे बाया?”

“व्हय, आत्या.”

“मग लई झालं की गं. माझ्या म्होरं तर आपल्या आळीतच धा हायती.”

दिपालीला त्यानंतर मिळालेल्या कुठल्याही सत्कारानं इतकं बरं वाटलं नाही.

मग भिगवण आलं. हैदराबादची स्पर्धा आटपून दोघी सोलापूरमार्गे उत्कर्षाच्या गाडीतून परत येत होत्या. भिगवणला मासे खायला थांबल्या. ताटं आली, आणि उत्कर्षानं हातही न लावता सांगितलं, “पुढच्या महिन्यापासून मी अहमदाबादच्या एकीबरोबर खेळणार हाय. तिचा नंबर दोनशेच्या आत हाय. डबल्सला दोघींचा नंबर मिळून बघत्यात, तुला ठाऊकच हाय. तिच्याबरोबर मोठ्या स्पर्धा मिळतील.”

दिपालीला ठाऊक होतं. गेल्या वर्षभरात आपण जोडीला किती खाली ओढतोय याचा हिशेब तिनं स्वतःच कितीदा हसत हसत मांडून दाखवला होता. स्वतःवर आपण विनोद करावा आणि समोरच्यानं तो इतका मनावर घ्यावा, याचं तिला नवल वाटलं. काहीतरी मोठ्या मनाचं बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, “तो मासा खाणार हायस का तू?”

“न्हाय.”

दिपालीनं तोही ओढून घेतला. घाईघाईत खाल्ला. काटा घशात अडकला, ठसका लागला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. उत्कर्षा उठून तिच्या पाठीत धपके घालायला लागली. डोळ्यांतलं पाणी काट्याचंच, असं दिपालीनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. पाणी मात्र काटा निघाल्यावरही बराच वेळ थांबेना.

घरी कुशाबाई आत्यानं उलटतपासणी घेतली. “कुणाची चूक?”

“कुणाचीच न्हाय.”

“मग मोडलं कशानं?”

“तिला चांगलं स्थळ आलं, आत्या.”

“येऊ दे की. आपून दुसरी हुडकू. पोरींचा काय दुष्काळ पडलाय व्हय?”

दुष्काळ नव्हता, पण मागणीही नव्हती. दिपाली देशोदेशीच्या पोरींना फोनवरून निरोप धाडायची, ‘जोडीदार आहे का?’ खाली प्रामाणिकपणे स्वतःची माहिती द्यायची, ‘सर्व्हिस हळू, स्वभाव चांगला.’ उत्तरं यायची नाहीत. मिळतील तिच्याबरोबर ती खेळत गेली. गोव्याची एक पोरगी होती. दिपाली सर्व्हिस करायला उभी राहिली की ती जाळीपाशी छातीवर क्रूस काढायची. दुसरी एक होती, ती हरल्यावर एक शब्दही न बोलता खोली बदलून गेली. दिपालीनं सगळ्यांचे किस्से केले, सगळ्यांना हसवलं. फक्त सराव संपल्यावर बॅग भरताना तिच्या हातून उत्कर्षाची पाण्याची बाटलीसुद्धा भरली जायची, आणि मग ती झाडाला ओतावी लागायची.

अशात तिला पिम भेटली. थायलंडची, बुटकी, आणि पाय असे चपळ की कोर्टावर दोन पिम आहेत असं वाटावं. इंदोरच्या एका स्पर्धेत नावं द्यायची वेळ संपत आली होती, दोघींनाही जोडीदार नव्हता, टेबलावरच्या बाईंनी दोघींकडं बोट दाखवलं आणि जोडी जमली. दोघींचं इंग्रजी बेताचं. त्यातला ‘सॉरी’ मात्र दोघींना उत्तम येत होता. दिपालीनं तिला आपले तीन शब्द शिकवले. पिमच्या तोंडून ‘सोड’चा ‘सोत’ व्हायचा, पण समजायचं बरोबर. एका स्पर्धेपुरती जमलेली जोडी हिवाळाभर टिकली. पिमला मे महिन्यात कॉलेजच्या परीक्षेसाठी परत जायचं होतं. त्याआधीची शेवटची स्पर्धा सोलापूरची. त्यात त्या थेट अंतिम फेरीत पोचल्या, आणि पलीकडच्या बाजूनं अंतिम फेरीत आली उत्कर्षा, अहमदाबादच्या जोडीदारासकट.

लासुर्ण्याहून क्रूझर भरून माणसं आली. काटेवाडीहूनही गाड्या आल्या. विजयसिंह सर मधोमध हाताची घडी घालून बसले आणि दोन्ही बाजूंच्या माणसांनी खुणावलं तरी टाळी वाजवायला तयार होईनात.

पहिला सेट सहा-एक असा बघता बघता गेला. दिपालीला काही उमगेना. ती पिमला ‘मागं’ म्हणून मागं पाठवायची आणि उत्कर्षाचा चेंडू अलगद जाळीजवळ पडायचा. ती ‘माझा’ म्हणून मधे सरकायची आणि चेंडू तिनं सोडलेल्या जागेतून निघून जायचा. उत्कर्षाला आता मनातलं कळायला लागलंय की काय, या विचारानं ती घामाघूम होऊन पाणी प्यायला बसली. एवढ्यात प्रेक्षकांतून कुशाबाई आत्याचा आवाज आला.

“आगं दिपे! तिला मराठी कळतंय की!”

पंच सांगलीचे होते. त्यांनी सूचना द्यायला माइक तोंडाशी नेला आणि हसू आवरेना म्हणून परत खाली ठेवला.

खेळाबद्दल सगळं कळून बसलेली बाई म्हणून दिपालीला सातआठ वर्षांपासून शाळांमध्ये भाषणाला बोलावत होते. तिनं टॉवेलात तोंड खुपसलं. मग पिमकडं वळून ओठांवर बोट ठेवलं. आता बोलायचं नाही.

पिमला वाटलं, ही आपल्यावर चिडली. तिचा चेहरा लाल झाला. दुसऱ्या सेटमध्ये ती जी सुटली ती कुणाला आवरेना. कोपऱ्यातले चेंडू, डोक्यावरचे चेंडू, दिपालीच्या हद्दीतले चेंडू, सगळे एकटीनं परतवले. सहा-चारनं सेट मिळाला. त्यात दिपालीचं योगदान तोंड बंद ठेवण्याचं. आणि तिला ओळखणारे सगळे सांगतील की ते काही कमी नव्हतं.

डबल्समध्ये एकेक सेट झाला की तिसरा खेळत नाहीत. दहा गुणांचा टाय-ब्रेक असतो, दोन गुणांच्या फरकानं आधी दहाला पोचेल ती जोडी जिंकली. सात-सात झालं. अहमदाबादच्या पोरीनं मधोमध एक जोराचा फटका हाणला. चेंडू बाहेर चालला होता. दिपालीला तो स्पष्ट दिसला, आणि सेटभर कोंडून ठेवलेला शब्द तिच्या तोंडून फुटला, “सोड!”

पिमची रॅकेट तोवर फिरली होती. चेंडू रॅकेटच्या कडेला लागून उंच उडाला आणि सावकाश, अगदी घरी पोचवल्यासारखा, उत्कर्षाच्या नाकासमोर उतरला. मारायला लहान पोरालाही जमला असता. पण उत्कर्षाची रॅकेट खाली आली होती. दिपाली ‘सोड’ म्हणाली होती ना! चेंडू उत्कर्षाच्या पायाशी टप्पा पडून मागं निघून गेला.

“क्या कर रही हो?” अहमदाबादची किंचाळली.

उत्कर्षानं जाळीपलीकडं बघितलं. दिपालीनं ओठ दाबून धरले होते, गाल फुगले होते. आधी कोण हसलं ते पुढं कधी ठरलं नाही. दोघी वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून हसत सुटल्या. विजयसिंह सरांनी कपाळाला हात लावला.

आठ-सात. आणखी दोन गुण मिळाले की दिपालीच्या आयुष्यातलं पहिलं बिनउत्कर्षाचं विजेतेपद. सर्व्हिस तिचीच होती. तिनं चेंडू वर उडवला आणि पोटातून हसू उसळलं. चेंडू जाळीत. दुसरा उडवला, नजर चुकून पलीकडं गेली, उत्कर्षा रॅकेटमागं तोंड लपवून हसत होती. तोही जाळीत. आठ-आठ. त्यानंतर दिपालीचं अंग काही जाग्यावर आलं नाही, आणि सामना दहा-आठनं गेला.

पिमला सगळा प्रकार फोनवरच्या भाषांतरातून समजावून सांगायला बराच वेळ लागला. समजल्यावर तिनं टॉवेलाची पिळी करून दिपालीला दोन फटके मारले आणि मग गळ्यात पडली. कुशाबाईनं तिला भाकरीवर शेंगाची चटणी वाढली, परदेशी लेकरू भाजंल म्हणून शेजारी दही ठेवलं. पिमनं दही बाजूला सारलं आणि चटणी पुन्हा मागितली. “ही आपल्यातलीच हाय,” आत्यानं जाहीर केलं.

गाड्या लावल्या होत्या तिथं उत्कर्षा एकटी आली.

“तिकडं कोर्टावर कुणी बोलतच न्हाय,” ती म्हणाली. “लई शांत असतंय.” मग म्हणाली, “ती अहमदाबादची जूनपासून दुसरीबरोबर जाणार हाय.”

“तिलाबी चांगलं स्थळ आलं म्हण की.”

“व्हय. तुझ्याबरोबर कुणी हाय का, जूनपासून?”

आजवर दिपालीनं सगळ्यांना विचारलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती जरा ताठ उभी राहिली. “इचार करून सांगते,” म्हणाली आणि मान वळवून क्रूझरमध्ये चढली. गाडीत सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. चांगली महिनाभर वाट बघायला लाव, असं ठरलं. दिपालीचा ताठा टेंभुर्णीपर्यंत टिकला. तिथं चहाला थांबल्यावर तिनं मुतारीचं निमित्त केलं आणि मागं जाऊन निरोप टाकला, ‘हो’. उत्तर लगेच आलं, ‘मला वाटलं इंदापूरपर्यंत तरी ताणशील.’

त्याला आता काही वर्षं झाली. दोघींचा नंबर तीनशेच्या आत-बाहेर करत असतो. दिपालीची सर्व्हिस अजून हळू आहे. विजयसिंह सरांनी त्या विषयावर बोलणं सोडून दिलंय. गेल्या वर्षी पुण्यात एक मोठी स्पर्धा झाली आणि आयोजकांनी स्थानिक म्हणून या दोघींना थेट प्रवेश दिला. समोर दिपालीनं आजवर टीव्हीवरच बघितलेली जोडी आली. सामना तासाच्या आत संपला. नागेशनं लासुर्ण्यात सगळ्यांना फोनवर दाखवायची तयारी केली होती, पण फोनचं चार्जिंग उतरायच्या आधीच खेळ उरकला. एक चेंडू मात्र दिपालीनं जाळीजवळ असा हळूच वळवला की त्या मोठ्या खेळाडूनं रॅकेटवर टाळी दिली. सामन्यानंतर हात मिळवताना ती म्हणाली, “तुझा हात छान आहे.” दिपालीला काहीतरी ऐटीत बोलायचं होतं. तोंडातून “सॉरी” गेलं.

परतताना गाडी उत्कर्षा चालवत होती. गाडी दिवे घाट चढून वर आली. मग उत्कर्षा म्हणाली, “तिसऱ्या गेममधला मधला चेंडू तुझा होता.”

“माझा? मी कवाच ‘मागं’ म्हणले होते.”

“म्हणली न्हाईस.”

“म्हणले.”

“मनात म्हणली असशील.”

जेजुरी गेली, मोरगाव गेलं. काटेवाडीत उत्कर्षाच्या आईनं दार उघडलं, पाण्याचे तांबे पुढं केले आणि काय झालं म्हणून विचारलं. दोघींनी तांबे घेतले, एकदमच “हरलो” म्हणाल्या, आणि चपला काढता काढता तो चेंडू कुणाचा होता यावर पुन्हा सुरू झाल्या.